डॉक्टरांचे अश्रू



कॅन्सरच्या रुग्णांवर उपचार करणारे एक डॉक्टर मध्यंतरी भेटायला आले होते. चहा घेताना म्हणाले, "फादर, पूर्वी पेशंट गेला की घरी जाऊन रडायचो. काल चार वर्षांच्या ओळखीच्या एक बाई गेल्या. मी सर्टिफिकेटवर सही केली आणि पुढच्या पेशंटला आत बोलावले. काहीच वाटले नाही. मला माझीच भीती वाटली." त्यांच्या परवानगीने हे लिहीत आहे.

सेमिनरीत आम्ही स्टोइक तत्त्वज्ञ अभ्यासले. शहाण्याने भावनांच्या आहारी जाऊ नये, असे ते सांगत. त्यात तथ्य आहे. केमोथेरपीचा डोस ठरवताना मन डळमळून चालत नाही. पण हात स्थिर ठेवणे वेगळे आणि अंतःकरण बंद करणे वेगळे. लाजरला आपण उठवणार हे ठाऊक असूनही प्रभू येशू त्याच्या कबरेकडे जाताना रडला.

मग मन दगड का होते? कामाचा भार असतोच; थकल्या मनाला विश्रांती हवी, प्रसंगी समुपदेशकही हवा. त्यात कमीपणा नाही. पण बरे करणे हेच आपले एकमेव काम मानले, तर प्रत्येक मृत्यू अपयश ठरतो. इतकी अपयशे कोण पेलणार? जीवनाचा धनी परमेश्वर आहे, डॉक्टर सेवक आहे. बांद्र्याला माउंट मेरीजवळ १९८६ साली शांती अवेदना सदन हे भारतातले पहिले हॉस्पिस सुरू झाले. तिथल्या रुग्णांचा कॅन्सर बरा होण्यापलीकडे गेलेला असतो. तरी वेदना शमवणे, जखम धुणे, हात धरून बसणे चालूच राहते. उपचार थांबतात, सेवा थांबत नाही.

चांगल्या शोमरोन्यानेही जखमीचा भार एकट्याने वाहिला नाही. त्याला उतारशाळेत नेले, रात्रभर सांभाळले आणि सकाळी पैसे देऊन उतारशाळेच्या मालकावर सोपवले. आपण मात्र सारा भार डॉक्टरवर टाकतो. "काहीही करा, वाचवा" म्हणतो आणि माणूस गेला की दोष देतो. अंत्यविधीनंतर दवाखान्यात जाऊन आभार मानणारे आपल्यात किती?

मी त्या डॉक्टरांना म्हटले, "भीती वाटली, म्हणजे मन जिवंत आहे. बाईंचे नाव सांगा, उद्याच्या मिस्सात घेतो." त्यांनी नाव सांगितले. मग बराच वेळ ते काही बोलले नाहीत.

आज आजाऱ्यांसाठी प्रार्थना करताना त्यांच्या डॉक्टर-नर्सेसनाही आठवू या.

प्रभूमध्ये तुमचा,
फादर