नाक्यावर उभे राहिलेले तरुण



द्राक्षमळ्याच्या दाखल्यात (मत्तय २०) मालक दिवसातून पाच वेळा बाजारात जातो. शेवटच्या खेपेला, दिवस मावळायला तासभर उरला असता, काही माणसे त्याला तशीच उभी दिसतात. तो कारण विचारतो. ती आळशी नसतात. त्यांना कोणी कामावर घेतलेलेच नसते. सकाळी कामाची वाट पाहत नाक्यावर उभे राहणारे मजूर आम्ही बाळकुमकरांनी पाहिले आहेत.

जन्मतः हृदयदोष असलेले तरुणही असेच उभे आहेत. हजार बालकांमागे साधारण आठ-नऊ बालके असा दोष घेऊन जन्मतात. कोणाच्या हृदयाच्या पडद्याला छिद्र असते, कोणाचे ओठ-नखे निळी पडतात. पूर्वी त्यांतली पुष्कळ लहानपणीच दगावत; आता शस्त्रक्रिया होते, मूल वाचते. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाड्या व सरकारी शाळांतून अशी मुले शोधून उपचारांसाठी पाठवली जातात. पण हा कार्यक्रम अठराव्या वर्षी थांबतो, आणि पोटापाण्याचा प्रश्न तर तेव्हाच सुरू होतो! २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार आहेत, त्यांत हृदयदोष स्वतंत्रपणे नाही. म्हणजे राखीव जागेसाठी हा तरुण दिव्यांग नाही, आणि छातीवरचा व्रण कळला की मुलाखतीत तो धडधाकटही नाही.

आपण काय करतो? ऑपरेशनसाठी वर्गणी काढतो, रोझरी म्हणतो, मिस्सा अर्पण करतो. हे चांगलेच आहे. पण मूल घरी आले की आपली दया संपते. खेळाच्या तासाला त्याला बाकावर बसवले जाते, सहलीला नेले जात नाही. आईची भीती आम्हाला कळते. तरीही काय झेपेल हे डॉक्टरांनी सांगायचे, शेजाऱ्यांनी नव्हे. साधे छिद्र वेळीच बुजवलेली बहुतेक मुले इतरांसारखी खेळतात. म्हणून डॉक्टरांकडून लेखी चिठ्ठी घेऊन शाळेत द्यावी. शिक्षणाची दिशाही लवकर ठरवावी. कृत्रिम झडपेमुळे रक्त पातळ ठेवण्याचे औषध घेणाऱ्याला इजा होण्याजोगे यंत्रकाम नको. हिशेब, शिकवणे, संगणक चालेल.

निळ्या बालकांवरील प्रसिद्ध शस्त्रक्रिया प्रथम २९ नोव्हेंबर १९४४ रोजी अमेरिकेत बाल्टिमोर येथे झाली. ती सुचवणाऱ्या डॉ. हेलन टॉसिग यांना ऐकू कमी येई. त्या बोटांनी हृदय तपासत. प्रयोगशाळेत ती पद्धत घडवणारे व्हिव्हियन थॉमस हे पूर्वी सुतारकाम करणारे कृष्णवर्णीय. पगारासाठी त्यांची गणना आरंभी सफाई कामगारांत होत असे. त्यांना कोणी प्रयोगशाळेत घेतलेच नसते तर?

आपल्यात दुकानदार आहेत, वर्कशॉपवाले आहेत, सोसायटीचे पदाधिकारी आहेत. बारा तासांऐवजी सहा तासांचे काम देता येईल का? माल उचलण्याऐवजी बिले लिहिण्याचे? दाखल्यातल्या मालकाने उशिरा आलेल्यांनाही पूर्ण रोज दिला, तेव्हा सकाळपासून राबलेले कुरकुरले. 'त्याला खुर्ची आणि आम्हाला ओझी' अशी कुरकुर आपल्याकडेही होईल. मालकाने ती शांतपणे ऐकून घ्यावी आणि त्या तरुणाला सोमवारी कामावर बोलवावे.