अस्सल, नक्कल आणि विक्रेत्याचे मौन

शब्दांचे प्रवास कधीकधी मोठे चमत्कारिक असतात. 'रेलिक' हा शब्द आपल्या घराघरांत परिचित आहे तो देवळातील वेदीमुळे. संतांची अस्थी, त्यांच्या वस्त्राचा तुकडा, त्यांच्या नित्य वापरातील एखादी वस्तू यांना आपण पवित्र अवशेष म्हणतो आणि त्यांच्यापुढे नम्र होतो. हाच शब्द १९९५ पासून अमेरिकेतील इलेक्ट्रिक गिटारच्या बाजारात रुळला आहे. फेंडर कंपनीच्या 'कस्टम शॉप' या खास विभागाने त्या वर्षी काही नव्या गिटारी विक्रीस काढल्या. त्यांचा रंग मुद्दाम खरवडलेला होता, धातूचे भाग मुद्दाम काळवंडवलेले होते आणि जिथे वादकाचा हात वर्षानुवर्षे घासला असता, तिथले लाकूड उघडे केलेले होते. वस्तू नवीकोरी, पण अंगावर चाळीस वर्षांचे व्रण. या मालिकेला नाव दिले 'रेलिक'.

आमच्या धर्मग्रामातील गायकवृंदात गिटार वाजवणाऱ्या तरुणांकडून हे प्रथम ऐकले तेव्हा आम्हाला हसू आले. पण हसण्यावारी नेण्याजोगी ही गोष्ट नव्हे. ज्या वस्तूचे मोल तिच्या इतिहासात असते आणि तो इतिहास डोळ्यांना दिसत नाही, तिच्याभोवती लबाडी हटकून जमते, हा अनुभव ख्रिस्तसभेने शतकानुशतके घेतला आहे. १२१५ सालच्या चौथ्या लॅटरन परिषदेने अवशेषांची विक्री निषिद्ध ठरवली. खोट्या कथा आणि बनावट कागदपत्रे दाखवून भाविकांना फसवले जाऊ नये, अशी ताकीदही त्याच कलमात आहे. १९८३ च्या धर्मसंहितेतील ११९० वे कलम आजही तीच बंदी घालते. गिटार ही अर्थात विकण्यासाठीच असते. म्हणून तिथे प्रश्न विक्रीचा नसून विकताना काय सांगावे आणि काय सांगू नये, याचा आहे.

थोडी पार्श्वभूमी हवी. कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावी लिओ फेंडर यांनी १९५० साली भरीव लाकडाची इलेक्ट्रिक गिटार बाजारात आणली आणि १९५४ साली 'स्ट्रॅटोकॅस्टर' हा नमुना काढला. जानेवारी १९६५ मध्ये त्यांची कंपनी सीबीएस या बड्या उद्योगसमूहाला १ कोटी ३० लाख डॉलरना विकली गेली. पुढील पंधरा वर्षांत उत्पादन वाढले, पण कारागिरी ढिली पडली, असे वादक म्हणू लागले. परिणामी १९६५ पूर्वीच्या जुन्या गिटारींना नव्यांहून अधिक भाव येऊ लागला. इकडे जपानी कारखाने त्याच जुन्या नमुन्यांच्या नकला इतक्या सफाईने करू लागले की मूळ कंपनीलाच धडकी भरावी. अखेर १९८२ साली फेंडरने स्वतःच आपले जुने नमुने पुन्हा घडवायला घेतले. १९५७ आणि १९६२ च्या स्ट्रॅटोकॅस्टर आणि १९५२ ची टेलिकॅस्टर अमेरिकेत नव्याने निघू लागल्या. त्याच वर्षी जपानमधील मात्सुमोतो शहरातील फुजिगेन कारखान्यातही हे काम सुरू झाले. यांना 'रीइश्यू' म्हणतात, म्हणजे जुन्या नमुन्याबरहुकूम कंपनीनेच नव्याने काढलेली प्रत. गिब्सन कंपनीचीही हीच कथा. तिच्या १९५८ ते १९६० मधील सूर्यास्ताच्या रंगछटेच्या 'लेस पॉल' गिटारी दीड हजारांच्या आसपासच बनल्या. आज त्यांतील एकेकीला लाखो डॉलर पडतात. रीइश्यू त्याच्या अल्पांशात मिळते.

आता रीइश्यू ही खोटी वस्तू आहे काय? संत थॉमस अक्वायनस यांनी 'सुम्मा'च्या दुसऱ्या भागाच्या उत्तरार्धात, ७७ व्या प्रश्नात, खरेदी-विक्रीतील फसवणुकीचा विचार केला आहे. तिथे किमयागाराच्या सोन्याचा उल्लेख येतो. किमयागाराने बनवलेल्या धातूत सोन्याचे खरे गुणधर्म नसतील, तर तो सोने म्हणून विकणे ही फसवणूक होय. पण खरोखरच सोने बनले असेल, तर ते सोने म्हणून विकण्यात अन्याय नाही, असे ते म्हणतात. हा निकष आम्हाला इथे फार उपयोगी वाटतो. ज्याला नाद हवा, त्याच्यासाठी उत्तम रीइश्यू हे किमयागाराचे खरे सोने आहे. लाकूड तेच, तारांची लांबी तीच, पिकअपची रचना तीच. ज्याला १९६२ साल हवे, त्याच्यासाठी मात्र ती पितळ आहे, कारण साल कुठल्याही कारखान्यात पुन्हा बनत नाही. वस्तू एकच, परंतु खरेदी दोन वेगळ्या गोष्टींची होते. कंपनीने विकताना आपण काय देत आहोत हे स्पष्ट सांगितले होते. तिच्यापुरते ते सत्यच होते. आमचे म्हणणे एवढेच की हे सत्य वस्तूबरोबर आपोआप प्रवास करीत नाही. दुसऱ्या हातात, तिसऱ्या हातात जाताना ते प्रत्येक विक्रेत्याला नव्याने उच्चारावे लागते.

दुसऱ्या हाताची गिटार पारखायची कशी, हे जाणकारांकडून समजावून घेताना आम्हाला पुन्हा अक्वायनसच आठवले. ते म्हणतात, एका डोळ्याने आंधळा घोडा विकताना तो दोष उघड दिसतो आणि किंमतही त्या मानाने उतरवलेली असेल, तर विक्रेत्याने तो तोंडाने सांगितलाच पाहिजे असे नाही. लंगडा घोडा वेगवान म्हणून विकणे मात्र पाप. गिटारीचेही असेच. अंगावरचा पोचा, उडालेला रंग, झिजलेले पडदे हे एकाक्ष घोडे होत. डोळे उघडे ठेवणाऱ्याला ते दिसतात. मानेच्या आतली पोलादी सळई ही लंगड्या घोड्याची गोष्ट. तारांचा ताण मान वाकवू पाहतो आणि ही सळई तिला सरळ राखते. जुन्या नमुन्याच्या फेंडरमध्ये सळई फिरवण्याचे टोक मानेच्या बुडाशी असते, त्यामुळे मान सैल केल्याशिवाय ते नीट तपासता येत नाही. सळई शेवटपर्यंत पिळून झाली असेल किंवा तिचे आटे गेले असतील, तर दुकानात पाच मिनिटे वाजवून ते कळत नाही. म्हणून मानेवरून नजर लावून ती सरळ आहे का पाहावे, प्रत्येक तार प्रत्येक पडद्यावर वाजवावी आणि सळईला अजून वाव आहे का, हे स्पष्ट विचारावे. विचारल्यावर टाळाटाळ झाली, तर तेच उत्तर समजावे.

रंगाचीही अशीच गंमत आहे. जुन्या गिटारींवर नायट्रोसेल्युलोज लाखेचा पातळ थर असे. तो कालांतराने पिवळतो, बारीक तडकतो. पुष्कळ जपानी रीइश्यूंवर जाड, टणक पॉलिएस्टर थर असतो; तो तसा तडकत नाही, आपटल्यावर त्याचा टवका उडतो. अस्सल जुन्या गिटारीला नंतर कोणी नवा रंग दिला असेल, तर संग्राहकांच्या लेखी तिची किंमत निम्म्याच्या आसपास येते. नादात फरक पडो वा न पडो. आम्हाला ही किंमत काहीशी वेडगळ वाटते, परंतु बाजारात ती खरी आहे आणि म्हणून लपवलेला नवा रंग हाही लपवलेला दोषच ठरतो.

आतील विजेच्या भागांवर अंक ठसवलेले असतात. आवाज कमीजास्त करणाऱ्या अमेरिकन पॉटवर पहिले तीन अंक बनवणाऱ्या कारखान्याचे, शेवटचे वर्षाचे आणि आठवड्याचे. १९६२ ची म्हणून सांगितलेल्या गिटारीत १९८३ चा भाग निघाला आणि डाक मूळचेच दिसले, तर संवाद तिथेच संपवावा. मान जिथे धडाला जोडली जाते, तिथे मागे चार स्क्रूंची एक धातूची पट्टी असते. अमेरिकन रीइश्यूंपैकी स्ट्रॅटोकॅस्टरच्या या पट्टीवर व्ही अक्षराने सुरू होणारा क्रमांक असतो. ती पट्टी काढून जुन्या क्रमांकाची बसवली की साल बदलते. अक्वायनस ज्याला वस्तूच्या जातीतील खोट म्हणतात, पितळेला सोने म्हणणे, ती हीच. रीइश्यू जितकी प्रामाणिकपणे घडवलेली, तितकी ती अशा लबाडीला सोयीची, हा यातला दुःखद भाग.

पण पाप नेहमी विकणाऱ्याच्याच पदरी असते असे समजू नये. नीतिसूत्रांच्या विसाव्या अध्यायात एक गिऱ्हाईक आहे: घेताना मालाला नावे ठेवतो आणि घेऊन गेल्यावर फुशारकी मारतो. तो आपल्याला सगळ्यांनाच चांगला ओळखीचा आहे. वादक पती निवर्तल्यावर त्याची गिटार कपाटावर धूळ खात पडलेली. विधवेला तिचे मोल ठाऊक नाही. जाणकार येतो आणि ती किरकोळ रकमेला उचलतो. बाजारात याला नशीब म्हणतात. संत ऑगस्टिन यांनी 'त्रैक्याविषयी' या ग्रंथाच्या तेराव्या भागात एका माणसाची हकिकत दिली आहे. एक हस्तलिखित विकायला आले. विकणाऱ्याला किंमत ठाऊक नव्हती, त्याने थोडेच मागितले. घेणाऱ्याने न मागता पूर्ण न्याय्य किंमत दिली. अक्वायनसही ती हकिकत उद्धृत करतात आणि पुढे बजावतात की सोने तांबे समजून विकले जात आहे हे जाणून घेणारा खरेदीदार भरपाई देण्यास बांधलेला आहे. आपल्यातील किती जणांनी ही भरपाई कधी दिली असेल?

सेमिनरीत नीतिशास्त्राच्या तासाला आम्हाला 'प्रकरणे' सोडवायला देत. तसेच एक इथे मांडतो. लग्नसमारंभांत वाजवणाऱ्या एका तरुणाने चार वर्षे साठवलेल्या पैशांतून १९६२ ची म्हणून एक गिटार घेतली. दुरुस्तीला उघडली तेव्हा कळले की ती रीइश्यू आहे, पट्टी तेवढी जुनी. आता बहिणीच्या लग्नासाठी पैसे हवेत. 'मी ती १९६२ ची म्हणून घेतली', एवढेच सांगून तो ती विकू शकतो काय? वाक्य अक्षरशः खरे आहे. परंतु ऐकणाऱ्याच्या मनात खोटे उतरावे म्हणूनच ते रचलेले आहे. मनात एक ठेवून ओठांवर दुसरे आणण्याच्या असल्या पळवाटांना मान्यता देणारी मते पोप अकरावे इनोसंट यांनी १६७९ मध्येच त्याज्य ठरवली. तेव्हा नाही, तो तसे करू शकत नाही. त्याच्यावर अन्याय झाला आहे, पण त्याची भरपाई मागायची ती ज्याने फसवले त्याच्याकडे. पुढच्या निरपराध गिऱ्हाइकाकडून ती वसूल करता येत नाही. कळण्यापूर्वी त्याने कोणाला विकली असती, तर तेव्हा पाप नव्हते; कळल्यावर मात्र फरक परत करावा लागला असता. हे कठोर आहे. बहिणीच्या लग्नाची तारीख ठरलेली असताना हे सांगणे आम्हालाही सोपे नाही, आणि अशा वेळी त्याच्या उरलेल्या गरजेकडे धर्मग्रामाने पाठ फिरवू नये, हेही तितकेच खरे.

त्याने ती रीइश्यू म्हणून विकावी. चांगली रीइश्यू हलकी वस्तू नव्हे. १९८२ च्या सुमाराच्या जपानी प्रतींना आज स्वतःचा मान आणि भाव आहे, त्यांच्या अंगावरचे व्रणही आता खरोखरच चाळीस वर्षांचे आहेत. आणखी एक गोष्ट त्याने करावी असे आम्ही सांगू. अक्वायनसमध्ये ती लिहिलेली नाही. ती जुनी पट्टी विकण्यापूर्वीच काढून टाकावी. तो स्वतः खरे बोलेल, घेणाराही खरे जाणून घेईल. पण दहा वर्षांनी तिसऱ्याला विकली जाताना हे दोघे तिथे नसतील, पट्टी असेल. क्रमांक नसलेली साधी पट्टी सुट्या भागांत मिळते. चारच स्क्रू आहेत.