भूतयज्ञ आणि शेजारची मांजर

गणेशभक्तहो, मूषकवाहनाच्या उत्सवात मांजरीची कथा सांगतो आहे, बाप्पा सांभाळून घेतीलच!

गृहस्थाला नेमून दिलेल्या पाच महायज्ञांपैकी भूतयज्ञ म्हणजे प्राणिमात्रांसाठी काढलेला अन्नाचा वाटा. गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दान सांगताना भगवंतांनी देश, काळ आणि पात्र पाहायला सांगितले आहे. पात्र म्हणजे नुसती योग्यता नव्हे, घेणाऱ्याची गरजही, असे मी समजतो.

आमच्या न्यू जर्सीच्या घरामागे डेकवर रोज संध्याकाळी शेजारची करडी मांजर येते. सौ. दुधाची वाटी ठेवायला निघाली. पण बहुतेक मोठ्या मांजरांना दुधातली साखर पचत नाही. कांदा-लसूण तर विषच. मांजराला लागणारे टॉरिन मांसातून मिळते. ते कमी पडले की हृदय दुबळे होते, हे १९८७ साली कॅलिफोर्नियातील डेव्हिसच्या संशोधकांनी दाखवून दिले. डॉक्टरला हे कसे विसरता येईल?

आणि आमचे घर शुद्ध शाकाहारी!

शेजारणीची परवानगी घेऊन मी मांजराच्या खाण्याचा डबा आणला. बशी वेगळी, चमचा वेगळा, सगळे डेकवरच. आईला ते मुळीच रुचले नाही. "आपल्या दारात मांस?" एवढेच म्हणाली. मी वाद घातला नाही. आईचा सोवळेपणाही खराच आहे.

आठवड्याने संध्याकाळी जपमाळ हातात घेऊन ती मागच्या दारात उभी होती. म्हणाली, "अरे, ती येऊन बसली आहे. तिची बशी कुठे ठेवलीस?"