दिले नव्हते, ठेवले होते

सिद्धेश्वर गावात, मावशीच्या घरात धान्याच्या कोठीवर एक प्लास्टिकची पिशवी खिळ्याला टांगलेली असते. तिच्यात रेशनकार्ड, सातबारा, आधारकार्ड आणि सगळ्यांत खाली चार घड्यांची मुदत ठेव पावती. पुन्हा पुन्हा उघडून घड्यांवर कागद विरत चालला आहे, पण रक्कम, मुदत, व्याजाचा दर, गोल शिक्का आणि शिक्क्यावर चढलेली निळी सही अजून वाचता येते. हळदीचे आलेले पैसे तिने एका पतसंस्थेत ठेवले होते. मुदत पुरी व्हायच्या आत संस्थेचे शटर खाली आले. तक्रार द्यायला गेली तेव्हा समोरच्या माणसाने लिहिता लिहिता विचारले, "पैसे कधी दिले?" मावशी म्हणाली, "म्या पैशे दिले न्हाईत बाबा, ठिवले व्हते."

लिहिणाऱ्याने "दिले" असेच लिहून घेतले. त्याचा काही वाईट हेतू नव्हता. पण मावशीचा तो दुरुस्तीचा शब्द माझ्या डोक्यातून जाईना. 'दिले' आणि 'ठेवले' यांच्यातल्या फरकावर माणसाने दोन हजार वर्षे विचार केला आहे, आणि ती शाळा न शिकता त्या विचाराच्या अगदी गाभ्यावर बोट ठेवून उभी होती.

मनुस्मृतीत वादाचे अठरा विषय मोजले आहेत. त्यांत पहिला ऋणादान, म्हणजे कर्जाची देवघेव. दुसरा निक्षेप, म्हणजे ठेव. दोन्ही शेजारी आहेत, पण वेगळे आहेत. कर्ज दिले की पैसा घेणाऱ्याचा होतो, देणाऱ्याजवळ उरतो तो फक्त येणे मागण्याचा हक्क. ठेवीत वस्तू दुसऱ्याच्या घरी गेली तरी मालकी जागची हलत नाही. नारदस्मृती आणखी बारकाईने पाहते. मोजून दिलेली ठेव म्हणजे निक्षेप, आणि न मोजता, आत काय आहे ते न सांगता मोहोर लावून दिलेली म्हणजे उपनिधी. याज्ञवल्क्य सांगतो की राजाने नेली, दैवाने गेली किंवा चोराने पळवली तर ठेव सांभाळणाऱ्यावर बोल नाही. पण मागितल्यावर दिली नाही आणि मग ती बुडाली, तर भरपाईही द्यायची आणि तेवढाच दंडही. ठेवीवर स्वतःचे पोट भरले, तर शिक्षा होऊन ती व्याजासह परत करायची. या याज्ञवल्क्यावर विज्ञानेश्वराने 'मिताक्षरा' लिहिली ती चालुक्यांच्या कल्याणीत, आजच्या बीदर जिल्ह्यातल्या बसवकल्याणला. मराठवाड्याच्या कुशीतच म्हणायचे.

ठेव बुडवणाऱ्याची सबबही तेवढीच जुनी आहे. पंचतंत्रातला वाण्याचा मुलगा गावाला जाताना लोखंडी तराजू शेठकडे ठेवून जातो, परतल्यावर शेठ सांगतो की तराजू उंदरांनी खाल्ला. ही गोष्ट आपण लहानपणी हसण्यासाठी ऐकली. आता 1948 सालातले मुंबईचे प्रकरण पाहा. सरकारच्या वस्त्रआयुक्तांनी एका रंगाई गिरणीला पागोट्याचे कापड रंगवायला दिले. त्यातले 1,32,000 वारांहून अधिक कापड परत आलेच नाही. खटल्यात बचाव असा झाला की कापड जुने होते, कसर आणि वाळवीने ते खाल्ले, म्हणून कचऱ्यात टाकले. 'जयकृष्णदास मनोहरदास देसाई विरुद्ध मुंबई राज्य' या निकालात सर्वोच्च न्यायालयाने 1960 साली सांगितले की अफरातफर डोळ्यांदेखत होत नसते, तिचा थेट पुरावा क्वचितच सापडतो. माल सोपवला होता हे सिद्ध झाले, हिशेब द्यायचे बंधन असून तो दिला नाही हेही सिद्ध झाले, तर इतर परिस्थिती पाहून अप्रामाणिकपणाचा निष्कर्ष काढता येतो. वाळवीची सबब टिकली नाही. माझ्या मते या विषयावरचे हे सर्वांत उपयोगी वाक्य आहे, कारण हिशेब न देणे हाच त्यात बोलका पुरावा ठरतो.

विलायतेतला कायदा इथवर फार हळू आला, कारण त्याची सुरुवात चोरीपासून झाली आणि चोरी म्हणजे दुसऱ्याच्या ताब्यातून उचलणे. ज्याच्या हाती मालकाने स्वतःच वस्तू दिली, तो ती उचलतो तरी कशी? 1473 साली साउदॅम्प्टनला गठ्ठे पोचवायला नेमलेल्या एका गाडीवानाने ते भलतीकडे नेऊन फोडले. न्यायाधीशांनी तोड काढली की गठ्ठे त्याला सोपवले होते, आतला माल नव्हे, म्हणून गठ्ठा फोडला त्या क्षणी चोरी झाली. नारदाची मोहोर आणि हा गठ्ठा यांत किती साम्य आहे! पण या तोडग्यातून भलतेच निघाले. गठ्ठा न फोडता अख्खा पचवला तर चोरी नाही. पुढे 1799 मध्ये बेझली नावाच्या बँक कारकुनाने ग्राहकाने भरायला दिलेली शंभर पौंडांची नोट थेट खिशात घातली. नोट बँकेच्या ताब्यात आलीच नव्हती, तेव्हा बँकेची चोरी झाली नाही, असे म्हणून तो सुटला. त्याच वर्षी पार्लमेंटला अपहाराचा वेगळा कायदा करावा लागला.

मेकॉलेच्या आयोगाने 1837 मध्ये हिंदुस्थानासाठी दंडसंहितेचा मसुदा तयार केला, तेव्हा ही सगळी गुंतागुंत बाजूला सारून 'सोपवणे' हा शब्द मध्यभागी आणला. संहिता 1860 मध्ये मंजूर झाली आणि 1862 पासून लागू झाली. कलम 405 चे मराठी नाव 'फौजदारीपात्र न्यासभंग', निजामी कागदांची सवय असलेल्या आमच्या भागात 'अमानतीत खयानत'. मालमत्ता सोपवली गेली, किंवा तिच्यावर ताबा दिला गेला, आणि ती अप्रामाणिकपणे स्वतःची केली किंवा ठरल्याविरुद्ध वापरली, की गुन्हा झाला. जितका भरवसा मोठा तितकी शिक्षा जड. वखारवाल्याला सात वर्षे, कारकुनाला सात वर्षे, आणि लोकसेवक, बँकर, व्यापारी, दलाल यांना दहा वर्षांपर्यंत किंवा जन्मठेप. 1 जुलै 2024 पासून हेच भारतीय न्याय संहितेच्या कलम 316 मध्ये आले. भाव चढेपर्यंत आडत्याकडे किंवा वखारीत हळदीची पोती ठेवणारा वसमत-औंढ्याचा शेतकरी या कायद्याच्या बरोबर मध्यात उभा आहे.

इथे दामाजीपंतांची आठवण येतेच. मंगळवेढ्याच्या या अधिकाऱ्याने दुष्काळात बीदरच्या बादशहाचे कोठार उपाशी लोकांसाठी खुले केले, अशी परंपरा सांगते. आजच्या कलमाची भाषा लावली तर प्रश्न अवघड होतो. कायद्यात अप्रामाणिकपणा म्हणजे केवळ स्वतःचा गैरलाभ नव्हे, दुसऱ्याचे गैरनुकसान करण्याचा हेतूही त्यात बसतो. दामाजींनी स्वतःच्या घरात एक दाणाही नेला नाही, पण धान्य त्यांचे नव्हते. कथा हा पेच टाळत नाही, म्हणून ती मला मोठी वाटते. कथेतला विठोबा बादशहाला चमत्कार दाखवून गप्प बसवत नाही. विठू महार होऊन तो बीदरला जातो, धान्याची पुरी किंमत मोजतो आणि पावती घेतो. भुकेल्यांना वाटले म्हणून हिशेब माफ झाला, असे आपल्या लोकांनी देवाच्या तोंडूनही वदवले नाही.

आणि मराठवाडा ज्या हैदराबाद संस्थानात होता, त्या संस्थानाचाही एक पैसा आठवतो. सप्टेंबर 1948, हैदराबादवरच्या पोलीस कारवाईच्या दिवसांत निजामाच्या मंत्र्याने दहा लाखांहून अधिक पौंड लंडनमध्ये पाकिस्तानच्या उच्चायुक्तांच्या खात्यावर वळवले. निजामाने काही दिवसांतच रक्कम परत मागितली, पण बँक हलली नाही. 2 ऑक्टोबर 2019 रोजी तिथल्या उच्च न्यायालयाने निकाल दिला की खाते उच्चायुक्तांच्या नावावर असले तरी पैसा त्यांनी निजामासाठी विश्वासाने धरलेला होता. तोवर तो सुमारे साडेतीन कोटी पौंड झाला होता. खात्यावरचे नाव आणि धनी वेगळे असू शकतात, हे ठरायला एकाहत्तर वर्षे लागली.

मग मावशीच्या पावतीचे काय? इथेच कायद्याने तिच्या शब्दाकडे पाठ फिरवली आहे. 1848 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने ठरवले की पेढीत भरलेला पैसा पेढीचा होतो आणि पेढी खातेदाराची केवळ ऋणको असते. पुढे सगळे बँकिंग याच पायावर उभे राहिले. त्यामागचे कारणही खरे आहे. नोटा एकमेकींत मिसळतात, त्याच नोटा परत मागता येत नाहीत, आणि पैसा वापरायची मुभा दिली म्हणूनच व्याज मिळते. मावशी व्याज घेणार होती, हे मी नाकारत नाही. पण तिने मुभा दिली होती ती सभासदांना, तारण घेऊन, पोटनियमांप्रमाणे कर्ज द्यायची. संचालकांनी विनातारण, आपल्याच गोतावळ्याच्या नावाने रकमा काढल्या तर ती मुभा तिथेच संपते. संस्थेच्या मालमत्तेवर ताबा सोपवलेल्या माणसाने तो ठरल्याविरुद्ध वापरला, हे कलमातले शब्द तिथे अक्षरशः लागू पडतात.

महाराष्ट्राने 1999 मध्ये ठेवीदारांच्या हितसंरक्षणाचा कायदा केला, तो एमपीआयडी नावाने ओळखला जातो. कपटाने ठेव बुडवणाऱ्याला सहा वर्षांपर्यंत कैद, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे मालमत्ता जप्त करून ठेवीदारांत वाटण्याची सोय. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कायद्यातल्या 'ठेव' शब्दाचा अर्थ व्यापक धरला: परत करण्याच्या बोलीवर पैसा किंवा मौल्यवान वस्तू स्वीकारली की ती ठेव. मला हा निकाल म्हणजे निक्षेपाकडे परत वळलेली वाट वाटते. तरी एक गोष्ट लोकांना अजून कुणी नीट सांगत नाही. 2020 पासून बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत जो विमा आहे, तो पतसंस्थेतल्या ठेवीला लागू नाही. पावतीवरचा शब्द तोच आहे, संरक्षण मात्र नाही. ही चूक ठेवीदाराची नाही, आणि त्याच्यावर ती लादणे अन्याय आहे.

सिद्धेश्वरच्या लोकांना ठेव कुणी शिकवायची गरज नाही. वर येलदरी धरणात अडवलेले पूर्णा नदीचे पाणी इथल्या धरणात येते आणि कालव्याने परभणी, हिंगोली, नांदेडच्या रानात जाते. पाणी इथे थांबते म्हणून ते सिद्धेश्वरचे होत नाही. पाळी आली की दार उघडावे लागते, आणि किती सोडले ते लिहावे लागते.

ज्यांची ठेव अडकली आहे त्यांना माझी एकच कळकळीची विनंती आहे. फिर्याद लिहून झाली की सही करण्याआधी ती पूर्ण वाचून घ्या, वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगा. तिथे 'पैसे दिले' असे असेल तर 'ठेव म्हणून सोपवले' असे दुरुस्त करून घ्या. पावतीची झेरॉक्स जोडा, मूळ पावती हातची सोडू नका. आणि गुन्हा नोंदला की त्याची प्रत मागा. ती फुकट मिळते, तो तुमचा हक्क आहे.