पेवातील ओल

शास्त्रपाठ: नीतिसूत्रे १४:३०, १ राजे २१:१-४, स्तोत्र ३२:३-५



आपल्या वाडवडिलांच्या काळी जोंधळा पेवात साठवीत. पेवाचे तोंड मातीने लिंपले म्हणजे वरून सर्व ठीक दिसे. परंतु आत कोठून ओल शिरली, तर ती कोणास कळत नसे. पुढे उन्हाळ्यात पेव उघडावे तो दाणे काळे पडलेले व वर्षाची भाकर गेलेली. मनुष्याच्या अंतःकरणाचेही असेच आहे. वरून तो रामराम करतो, उपासनेस येतो, गीत गातो. परंतु आत भावाविषयीचा राग मुरत असतो. आजच्या पहिल्या पाठात शलमोन हेच शिकवितो. शांत अंतःकरणाने देहाला जीवन मिळते आणि हेव्याने हाडे आतून कुजतात, असा त्याच्या वचनाचा भावार्थ आहे. तो केवळ आत्म्याविषयी बोलत नाही. देह आणि हाडे ह्यांची नावे घेऊन तो बोलतो, हे लक्षात घ्यावे.

अहाब राजाकडे पाहा. राजवाडा, सैन्य, धान्य, कशाची वाण होती? परंतु नाबोथाचा द्राक्षमळा मिळाला नाही म्हणून तो घरी येऊन पलंगावर पडला, तोंड फिरविले व अन्न सोडले. त्यास ताप नव्हता, जखम नव्हती. दुसऱ्याचा मळा हाच त्याचा रोग होता. त्या रोगावर ईजबेलीने जो उपाय केला, त्याने निरपराध नाबोथाचा प्राण गेला. मनातील हेवा प्रथम स्वतःचे अन्न तोडतो आणि मग शेजाऱ्याचा गळा धरतो.

कोणी म्हणेल, ही जुन्या काळची गोष्ट. मनाचा पोटाशी काय संबंध? तर देवाने दिलेल्या बुद्धीने वैद्यांनी काय पाहिले ते ऐका. १८२२ साली अमेरिकेतील मॅकिनॉ बेटावर अलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या तरुणास बंदुकीची गोळी लागली. लष्करातील डॉक्टर विल्यम बोमाँट ह्यांनी त्याचे प्राण वाचविले. परंतु पोटावरचे भोक कधीच पुरते बुजले नाही. त्या भोकातून जठर कसे काम करते हे डॉक्टरांनी कित्येक वर्षे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आणि १८३३ साली त्याविषयी पुस्तक छापले. त्यांना असे आढळले की, तो मनुष्य रागावला किंवा भ्याला असता जठराच्या आतल्या अस्तराचा रंग बदले, कधी ते लाल व कोरडे पडे, आणि अन्नाच्या पचनात बिघाड होई. पुढे हार्वर्ड विद्यालयाचे डॉक्टर वॉल्टर कॅनन ह्यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने मांजराच्या पोटातील हालचाल पाहिली. मांजर बेचैन झाले किंवा चिडले की ती हालचाल थांबे. ते शांत झाले की पुन्हा सुरू होई.

ह्याचे कारण असे. आपल्या प्रत्येक मूत्रपिंडावर एकेक लहान ग्रंथी उत्पन्नकर्त्याने ठेविली आहे. रानात वाघ समोर आला असता तिचा रस रक्तात उतरतो. छाती जोराने धडधडते, रक्त पोट सोडून हातापायांकडे धावते आणि मनुष्य पळू शकतो. ही देवाची दया आहे. परंतु जो मनुष्य रोज रात्री बाजेवर पडून भावाचे शब्द आठवितो, तो रोज रात्री वाघाला घरात बोलावितो. वाघ येतो आणि जातच नाही. मग झोप उडते, अन्न अंगी लागत नाही व रक्ताचा दाब वाढतो. जे फार दिवस काळजीत असतात त्यांच्या जखमाही हळू भरतात, असे वैद्यांनी पाहिले आहे.

येथे दोन चुकांपासून सावध राहावे. पहिली चूक करणीची. घरात दुखणे आले की कोणी भगताकडे धावतो. भगत अंगारा देतो आणि जाऊबाईकडे किंवा शेजारणीकडे बोट दाखवितो. रोग होता तेथेच राहतो आणि वर एक नवे वैर जन्मास येते. ख्रिस्ताच्या मनुष्याने त्या उंबरठ्यावर पाऊल ठेवू नये.

दुसरी चूक आपल्या उपदेशकांकडूनही होते. आजाऱ्याच्या उशाशी बसून, "तुमच्या मनात काही पाप असेल," असे म्हणू नये. जन्मांध मनुष्याविषयी शिष्यांनी असेच विचारले, तेव्हा प्रभूने त्यांचे बोलणे साफ नाकारले (योहान ९). हिवताप डासामुळे येतो. क्षयाचे जंतू असतात. पोटातील व्रण काळजीनेच होतात असे पुष्कळ वर्षे समजत असत. परंतु डॉक्टर बॅरी मार्शल व डॉक्टर रॉबिन वॉरन ह्यांनी १९८२ साली ऑस्ट्रेलियात रोग्यांच्या जठरातील एक जंतू वाढवून दाखविला, आणि बहुतेक व्रणांच्या मुळाशी तो असतो हे पुढे ठरले. म्हणून प्रार्थना करावी आणि दवाखान्यातही जावे. औषध सोडणे म्हणजे विश्वास नव्हे.

शोक हेही पाप नव्हे. लाजाराच्या कबरेकडे जाताना प्रभू स्वतः रडला. एलीया रतामाच्या झुडपाखाली मरण मागत पडला, तेव्हा देवाने त्यास प्रथम रागे भरले काय? नाही. प्रथम झोप दिली, मग निखाऱ्यावर भाजलेली भाकर व पाण्याचा चंबू दिला. पुन्हा झोप दिली व पुन्हा जेवू घातले. होरेब डोंगरावरचे बोलणे त्यानंतर झाले. उपदेशक बंधूंनो, खचलेल्या बहिणीच्या घरी गेला तर पुस्तक उघडण्यापूर्वी, "बाई, सकाळपासून काही खाल्ले काय?" असे विचारा.

आता एका खेड्यातील मंडळीची गोष्ट सांगतो. दोघे सख्खे भाऊ बांधावरून भांडले. तीन वर्षे बोलणे बंद. थोरल्यास दमा होताच. त्यात झोप गेली आणि भाकर कडू लागू लागली. एका रविवारी प्रभुभोजन होते. पाळकसाहेबांनी मत्तय ५ मधील ती आज्ञा वाचली की, भावाचे मन आपल्याविरुद्ध असेल तर अर्पण वेदीपाशी ठेवावे आणि आधी समेट करावा. थोरला उठला व मंदिराबाहेर गेला. धाकटा त्या दिवशी उपासनेस आला नव्हता. त्याच्या ओट्यापाशी उभा राहून थोरला म्हणाला, "बाबू, बांधाचे मोजणीदार पाहील. पण तीन वर्षे मी तुझे वाईट चिंतिले, ते माझे चुकले." धाकट्यास काही सुचेना. शेवटी तो म्हणाला, "दादा, आधी दोन घास खा." पुढे मोजणी झाली आणि हातभर जमीन थोरल्याच्या हातची गेली. त्याचा दमाही गेला नाही. औषध चालूच आहे. परंतु त्या रात्री तीन वर्षांनी प्रथम त्यास पहाटेपर्यंत झोप लागली. हातभर जमिनीच्या बदल्यात त्यास भाऊ मिळाला, रात्र मिळाली आणि भाकरीची चव मिळाली. हा सौदा तोट्याचा झाला काय?

दाविदाने हेच अनुभविले. पाप लपवून तो गप्प राहिला, तोवर त्याची हाडे झिजली व अंगातील ओलावा उन्हाळ्यातल्याप्रमाणे आटला. देवापुढे कबूल करताच त्याचे ओझे उतरले. पेव उघडले म्हणजे जाणता मनुष्य लगेच आत उतरत नाही, हे जुन्या लोकांस ठाऊक आहे. कोंडलेला वायू आधी जाऊ देतात. तुमच्या अंतःकरणाचे तोंडही प्रथम देवापुढे उघडा. तेथे वाटेल तितके रडा. आतला विषारी वायू निघून गेला म्हणजे मग भावाकडे जा, नाही तर समेटास जाऊन नवे भांडण घेऊन याल. परंतु जाण्यास उशीरही करू नका. रागावर सूर्य मावळू देऊ नये, असे पौल इफिसकरांस शिकवितो (४:२६). आज घरी जाताना वाटेत कोणाचे दार लागते, ज्याकडे तुम्ही तोंड फिरविता? सूर्य अजून मावळला नाही.

हे दयाळू पित्या, आमच्या देहाचा व मनाचा कर्ता तूच आहेस. आम्ही लिंपून ठेविलेले तुझ्यापुढे उघडे कर. आजाऱ्यांस आरोग्य, दुःखितांस भाकर व झोप, आणि रुसलेल्या भावांस एकमेकांचे दार दाखव. येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.