कचेरीचे तेल आणि घरचा दिवा

आपल्या देवालयाचे बरेचसे कामकाज आता संगणकावर चालते. वर्गणीदारांची यादी, उत्सवाचा जमाखर्च, अभिषेकाच्या पावत्या आणि वाचकांच्या हाती असलेले हे पत्रक, ही सारी कामे कार्यकर्ते दिवसभराची नोकरी आटोपून रात्री आपापल्या घरी करतात. संगणक त्यांचा स्वतःचा असतो. परंतु ज्या सॉफ्टवेअरच्या, म्हणजे आज्ञावलीच्या, साहाय्याने मजकूर लिहावयाचा किंवा हिशेब मांडावयाचा, ते मूळचे कोणाचे, हा विचार सहसा मनात येत नाही. कचेरीत ज्याची सवय झाली तेच घरीही हाताशी असावे, ही इच्छा स्वाभाविक आहे. एका ठिकाणची प्रत दुसऱ्या ठिकाणी उतरवून घेणे हे काही मिनिटांचे काम असते. तेव्हा प्रश्न असा उभा राहतो की, एका ठिकाणासाठी घेतलेले हे साधन दुसऱ्या ठिकाणी वापरणे न्याय्य आहे काय?

हा प्रश्न क्षुल्लक आहे, असे कोणी म्हणेल. आम्हांस तसे वाटत नाही. मोठ्या चोऱ्या करण्याचा प्रसंग आपल्यापैकी बहुतेकांवर कधीच येत नाही. आपल्या प्रामाणिकपणाची परीक्षा होते ती अशाच लहान आणि एकांतातल्या गोष्टींत. शिवाय येथे जे काम व्हावयाचे ते देवाचे आहे, आणि देवाच्या कामात साधनाची शुद्धी पाहण्याची आपली परंपरा जुनी आहे.

प्रथम प्रतिपक्षाचे म्हणणे नीट ऐकून घेतले पाहिजे, कारण ते अगदीच पोकळ नाही. कचेरीतली खुर्ची घरी नेली तर कचेरीत खुर्ची उरत नाही. सॉफ्टवेअरचे तसे नाही. त्याची प्रत घरी आणली तरी कचेरीतली मूळ प्रत जशीच्या तशी राहते. दिव्याने दिवा लावला म्हणून पहिल्या दिव्याची ज्योत मंद होत नाही. मग ज्यात कोणाचे काही गेलेच नाही त्याला चोरी कसे म्हणावे? विद्या दिल्याने वाढते, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहो. आज्ञावली हीदेखील एक प्रकारची विद्याच नव्हे काय?

या युक्तिवादात एक गोष्ट गृहीत धरली आहे. ती अशी की, दुकानात जे विकले गेले ती एक वस्तू होती. वास्तविक सॉफ्टवेअरच्या व्यवहारात वस्तू जवळजवळ नसतेच. जे दिले जाते ती परवानगी असते, आणि तिच्या बदल्यात घेणारा एक वचन देतो. १९७६ साली, घरगुती संगणकांचे युग नुकतेच उगवत असताना, बिल गेट्स यांनी हौशी संगणकप्रेमींना उद्देशून एक अनावृत पत्र लिहिले. यंत्राचे पैसे सगळे देतात, पण त्यावर चालणारी आज्ञावली मात्र बहुतेक लोक फुकट उतरवून घेतात. मग महिनोन् महिने खपून ती लिहिणाऱ्याने पोट कशावर भरावे, असा त्या पत्राचा आशय होता. त्यांच्या पुढील व्यापारनीतीविषयी कोणाचे काहीही मत असो, या प्रश्नाला उत्तर देणे भाग आहे. पहिल्या दिव्याची ज्योत मंद होत नाही हे खरे. पण त्या दिव्यात तेल कोणी घातले, हेही विचारले पाहिजे.

ही परवानगी सर्वत्र सारखी नसते, आणि या प्रश्नाची खरी गाठ तेथेच आहे. १९८३ साली ‘टर्बो पास्कल’ हे सॉफ्टवेअर बाजारात आणणाऱ्या बोरलँड या अमेरिकन कंपनीने एक फार सुंदर नियम घालून दिला होता. आमचे सॉफ्टवेअर पुस्तकासारखे समजा, असे तिने ग्राहकांस सांगितले. पुस्तक घरी वाचता येते, कचेरीत नेता येते, मित्राला देता येते. मात्र एकच पुस्तक दोन माणसे दोन ठिकाणी एकाच वेळी वाचू शकत नाहीत. सॉफ्टवेअरही तसेच वापरावे, दोन ठिकाणी एकाच वेळी चालण्याचा संभव नसावा, म्हणजे झाले. बडोद्याच्या वाचकांस या नियमाचे मर्म वेगळे समजावून सांगावयास नको. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून बॉर्डन या ग्रंथपालास आणवून संस्थानभर वाचनालयांचे जाळे विणले, तेव्हा गावोगावच्या लोकांना हाच धडा मिळाला. पुस्तक सर्वांचे असते, पण एका वेळी एकाच्याच हाती असते, आणि हाती असेपर्यंत त्याच्यावर विश्वास ठेवलेला असतो.

इतरांचे नियम निराळे आहेत. चित्रे व छापील पानांची मांडणी करण्याची साधने बनविणारी अडोबी कंपनी आपल्या वैयक्तिक ग्राहकाला दोन संगणकांवर ते साधन चालू ठेवू देते; फक्त एका वेळी एकाच ठिकाणी काम करावे, अशी अट असते. याच्या उलट मायक्रोसॉफ्टच्या ‘ऑफिस’ या संचाची २०१० सालची ‘घर व विद्यार्थी’ आवृत्ती घ्या. ती स्वस्त होती, एकाच घरातल्या तीन संगणकांवर चालत असे. पण व्यापारी कामासाठी ती वापरता येत नसे, इतकेच नव्हे तर ना-नफा संस्थेच्या कामासाठीही तिला मनाई होती. म्हणजे मुलाच्या अभ्यासासाठी घेतलेल्या त्या साधनावर देवळाचा जमाखर्च लिहिणे हाही कराराचा भंगच होता. पुण्यकर्म असल्यामुळे अट आपोआप सैल होते, असे मानण्यास येथे जागा नव्हती.

तात्पर्य, ‘एकच सॉफ्टवेअर घरी व कचेरीत वापरावे काय’ या प्रश्नाचे उत्तर त्या सॉफ्टवेअरकडे पाहून मिळत नाही. देणाऱ्याने काय दिले आणि घेणाऱ्याने काय कबूल केले, हे पाहावे लागते. येथे ज्याचा भंग होतो ते वचन आहे, आणि वचन मोडले असता कोणाची वस्तू कमी होत नाही, म्हणून ते मोडलेच नाही असे कोणी म्हणत नाही.

आपला कायदाही हा भेद जाणतो. १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमात १९८४ साली दुरुस्ती होऊन संगणकाच्या आज्ञावलीला साहित्यकृतींत स्थान मिळाले. त्याच अधिनियमाच्या ५२ व्या कलमात अशी सवलत आहे की, व्यक्तिशः कायदेशीरपणे मिळविलेल्या प्रतीवरून स्वतःच्या खाजगी व बिनव्यापारी उपयोगासाठी प्रत करणे हा भंग समजला जाणार नाही. यातील ‘व्यक्तिशः मिळविलेल्या’ या शब्दांकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. कचेरीने विकत घेतलेली प्रत नोकराने व्यक्तिशः मिळविलेली नसते. ती त्याच्या हाताखाली असते, एवढेच. बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणारासाठी ६३-ब हे कलम आहे. त्यात सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. वापर नफ्यासाठी वा धंद्यात झाला नसेल तर न्यायालय कैद माफ करू शकते. पण शिक्षेच्या भयाने सरळ वागणे हे आमच्या या लेखाचे प्रयोजन नाही.

शास्त्राकडे वळले तर तेथेही हा विचार बारकाईने केलेला आढळतो. योगसूत्रांत पाच यमांमध्ये अस्तेय सांगितले आहे, आणि त्यावरील व्यासभाष्य तर असे म्हणते की, दुसऱ्याचे द्रव्य अयोग्य मार्गाने न घेणे एवढ्यावर अस्तेय पुरे होत नाही, त्याची स्पृहाही नसावी. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात मात्र एक अपवाद दिला आहे. झाडांची मुळे व फळे, अग्नीसाठी लाकूड आणि गाईसाठी गवत घेणे ही चोरी नव्हे, असे तेथे म्हटले आहे. या अपवादाचा आधार घेऊन कोणी म्हणेल की, देवकार्यासाठी आज्ञावली उतरवून घेणे हेही त्यातलेच. परंतु त्या यादीत काय आहे ते पाहावे. भूमीतून आपोआप उगवणाऱ्या गोष्टी तेथे आहेत. कोणाच्या हातांनी घडविलेली एकही वस्तू तेथे नाही. समिधा रानातून आणाव्यात, परंतु सुताराने घडविलेला पाट न विचारता उचलू नये, हे त्यातून निघणारे तारतम्य आहे.

आम्ही पुजाऱ्याच्या घरात वाढलो. देवाची भांडी आणि घरची भांडी एकाच हातांनी, एकाच नळावर, एकाच चिंचेने घासली जातात. पण देवाचे ताम्हन घरच्या ओट्यावर येत नाही, आणि देवाच्या समईतले उरलेले तेल घरच्या दिव्यात ओतले जात नाही. ताम्हनाला त्याने काही इजा होते म्हणून हा नियम नाही. जे एका हेतूने आपल्या स्वाधीन केले ते त्या हेतूपुरतेच आपले, हे हातांना रोज शिकवावे लागते, म्हणून तो आहे. कचेरीचे सॉफ्टवेअर नोकराच्या हाती असते ते याच नात्याने.

या दृष्टीने पाहता तीन प्रसंग वेगळे करता येतात. एखाद्याने स्वतःच्या पैशाने साधन घेतले आणि देणाराने दोन ठिकाणी वापरण्याची मुभा दिली असेल, तर त्याने ते निःशंकपणे वापरावे. तेथे संकोच करणे हा धर्मभीरूपणाचा अतिरेक होईल. कचेरीचे साधन घरी आणावयाचे असेल तर आधी कचेरीला विचारावे, आणि कचेरीच्या परवान्यात तशी सोय आहे की नाही हे पाहून कचेरीने होकार द्यावा. कारण जे तिला मिळालेले नाही ते तीही देऊ शकत नाही. वरिष्ठाच्या तोंडी ‘न्या हो, काय होते’ याला परवानगी म्हणता येत नाही.

तिसरा प्रसंग उलट बाजूचा आहे आणि त्याविषयी फारसे बोलले जात नाही. २०२० साली करोनाच्या साथीत कचेऱ्या बंद पडल्या आणि असंख्य नोकरांनी स्वतःच्या घरी, स्वतःच्या संगणकावर मालकाचे काम चालू ठेवले. साथ ओसरली, पण ती चाल कित्येक ठिकाणी राहिली. घरगुती वापरापुरते घेतलेले साधन मालकाच्या कामाला जुंपले गेले, आणि त्याचा खर्च व त्यातील भंगाचा दोष दोन्ही नोकराच्या माथी आले. नोकराने कचेरीचे तेल घरी नेऊ नये, हे जितके खरे, तितकेच मालकाने नोकराच्या घरच्या तेलावर आपला दिवा लावू नये, हेही खरे. अस्तेयाचा नियम दुर्बळालाच तेवढा लागू असतो, असे कोठेही सांगितलेले नाही.

आता सर्वांत कठीण आक्षेप उरतो. ही साधने महाग आहेत. नवशिक्या तरुणाचा पगार तुटपुंजा असतो, आणि कचेरीतले साधन घरी शिकल्यावाचून त्याची बढती होत नाही. अशा तरुणाला केवळ नीतिवचने ऐकवून मोकळे होणे आम्हांस क्रूरपणाचे वाटते. सुदैवाने त्याच्यासाठी एक वाट दुसऱ्याच एका माणसाने आधी घालून ठेवली आहे. रिचर्ड स्टॉलमन हे अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठात आज्ञावली लिहिण्याचे काम करीत. आपल्याला आवडलेली आज्ञावली शेजाऱ्याला देणे हा धर्म आहे, अशी त्यांची दृढ श्रद्धा; आणि ते देण्यास मनाई करणारे करार तर सर्वत्र रूढ होऊ लागलेले. त्यांनी काय केले? असा करार करणेच त्यांनी नाकारले, १९८३ साली ‘ग्नू’ या नावाने सर्व आज्ञावल्या नव्याने लिहिण्याचा संकल्प जाहीर केला, आणि त्यासाठी पुढल्या वर्षी नोकरी सोडली. कोणीही वापरावे, कितीही संगणकांवर घालावे, बदलावे आणि वाटावे, अशा अटीवर ते आपले श्रम देऊन मोकळे झाले. त्या विचारातून पुढे पुष्कळ वाढले. २०१० साली सुरू झालेले लिबरऑफिस पत्रलेखन व हिशेब दोन्ही करते आणि घरी, कचेरीत, देवळात, कोठेही विनामूल्य चालते. मुंबईच्या ‘एक टाईप’ या संस्थेने घडविलेली ‘मुक्त’ ही देवनागरी अक्षरमाला अशाच खुल्या परवान्याने कोणालाही मिळते.

दिव्याने दिवा लावण्याचा दृष्टांत येथे खरा ठरतो. तो मुळात खोटा नव्हताच. फक्त तो कोणाच्या तोंडी शोभतो हे पाहावयाचे होते. ‘माझ्या ज्योतीवर तुझा दिवा लाव’ असे म्हणण्याचा अधिकार ज्याचा दिवा आहे त्याचा. दान हे देणाऱ्याच्या हातून होते. घेणाऱ्याने परस्पर उचलून त्याला दान म्हटले, तर शब्द तोच राहिला तरी कर्म बदलते.

म्हणून देवालयाच्या चालकांपुढे आम्ही एक साधी सूचना नम्रपणे ठेवतो. भांडारातील भांड्यांची जशी नोंदवही असते तशीच सॉफ्टवेअरची एक असावी. कोणते साधन, कोणी घेतले, कोणत्या अटीवर, किती संगणकांवर आहे, हे तीत लिहावे. जे मुक्त मिळते ते प्रथम वापरून पाहावे. त्याने भागत नसेल तर जे लागेल ते संस्थेच्या नावाने विकत घ्यावे, आणि तो खर्च उत्सवाच्या जमाखर्चात उघडपणे दाखवावा. वर्गणीदार त्यास ना म्हणतील असे आम्हांस वाटत नाही. सेवा करणाऱ्या कार्यकर्त्याने आपल्या नोकरीतून चोरून आणलेल्या साधनावर देवाचे काम करावे, अशी वेळ आपण त्याच्यावर आणता कामा नये. तो काही मागत नाही. म्हणूनच त्याच्या सेवेचे साधन स्वच्छ ठेवणे हे आपणा सर्वांचे देणे आहे.