वारशाचे वाचन

एकाच पूर्वजाची स्मृती दोन समाजांना जोडते, की त्यांच्यातील वैर दृढ करते? हेब्रॉन येथील पितरांच्या गुहेसंदर्भात हा प्रश्न केवळ तात्त्विक राहत नाही. ज्यू आणि मुस्लिम या दोन्ही परंपरांच्या श्रद्धेनुसार अब्राहमाचे (इब्राहिमाचे) दफन तेथे झाले; नगराचे 'अल्-खलील' हे अरबी नावही त्याच्याच 'ईश्वराचा सखा' या उपाधीवरून आले आहे. १९२९ मध्ये याच नगरात ६७ ज्यूंची हत्या झाली, आणि त्याच वेळी काही अरब कुटुंबांनी ज्यू शेजाऱ्यांना आपल्या घरांत आश्रय दिला. १९९४ मध्ये एका ज्यू वसाहतवाद्याने गुहेवरील मशिदीत नमाज पढणाऱ्या २९ मुस्लिमांना ठार केले. त्यानंतर या वास्तूची वाटणी झाली.

'पूर्वज एक, म्हणून वंशजही एक' हे समन्वयवादी अनुमान येथे टिकत नाही. मराठीतील 'भाऊबंदकी' हा शब्द अशा वैराचे मूळ नेमके दाखवतो : वारसा समान असतो म्हणूनच तंटा निर्माण होतो. मग प्रश्न वारशाच्या वाचनाचा उरतो. बायबलमधील 'उत्पत्ती' या ग्रंथात अब्राहम ही जागा चारशे शेकेल रुपे मोजून विकत घेतो. मात्र मागणी करताना तो स्थानिकांपुढे आपले परकेपण कबूल करतो. पुढे त्याचे दफन इसहाक आणि अरबांचा पूर्वज मानला गेलेला इश्माएल हे दोघे मिळून करतात. परंतु त्याच अध्यायात अब्राहमाने आपले सर्वस्व इसहाकाला दिल्याचाही निर्देश आहे. संहिता स्वतः निवाडा करीत नाही. खरेदीखत वाचावयाचे की परकेपणाची कबुली, हा निर्णय वाचकाचा असतो. म्हणून तो नैतिक ठरतो.

अर्थनिर्णयाने सत्तासंबंध बदलत नाहीत, हा आक्षेप रास्तच आहे. १९६७ मध्ये हे नगर इस्राएलच्या ताब्यात गेले आणि १९९७ च्या करारानंतरही गुहेचा परिसर इस्राएली नियंत्रणाखालीच राहिला. परंतु या आक्षेपामुळे वाचकाची जबाबदारी संपत नाही. ती विषम होते. ज्या वाचनामागे सैन्य उभे असते, त्याने परकेपणाचे वाक्य वगळले तर त्याची किंमत दुसऱ्याला मोजावी लागते. औदार्याची अपेक्षा दोन्ही पक्षांकडून समप्रमाणात करणे हे म्हणूनच न्याय्य नव्हे. हत्येचा निषेध मात्र दोन्हीकडे सारखाच लागू होतो. १९२९ मध्ये दार उघडणाऱ्यांनी शेजाऱ्याचा जीव वारशाच्या वादाबाहेर ठेवला होता; कोणत्याही वाचनाची पहिली कसोटी तीच आहे.